नावडतीच्या अक्षता

"मुन्शीजी, तुम्हारे गाँवों में औरतां चावल बांध के फिरते क्या?"

तालुकदारसाहेबांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. तालुकदार म्हणजे आजचा कलेक्टर. साहेब हैदराबादचे, स्वभावाने सरळ, शेरोशायरीचे शौकीन. मराठी त्यांना चार शब्दांपलीकडे येत नव्हती, आणि म्हणूनच माझी नोकरी होती.

मी परभणीच्या कचेरीत मुतर्जिम होतो. मुतर्जिम म्हणजे तर्जुमा करणारा, भाषांतरकार. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत आणि रयत मराठीत. मधल्या खड्ड्यावर फळी टाकायचं काम आमचं. कुणाचं मृत्युपत्र, कुणाची तक्रार, भिंतीवर चिकटवलेलं पत्रक, नाटकाची संहिता, जे काही मराठीत असेल आणि साहेबांना वाचणं भाग असेल, ते माझ्या टेबलावर मराठीत यायचं आणि उर्दूत जायचं. कचेरीतली मंडळी मला भाषेचा हमाल म्हणत. मला राग यायचा नाही. हमालाला निदान ओझं किती जड आहे ते कळतं.

कागद बोरीच्या पोलीस पाटलाचा होता, जिंतूर तहसिलीमार्फत आलेला. मजकूर असा: गावच्या शाळेचे केशव मास्तर यांनी महादेवाच्या देवळात बायका जमवून, स्वतः लिहून बाहेरच्या इलाख्यातून छापून आणलेलं एक चोपडं वाचून दाखवलं. त्या दिवसापासून गावातल्या यच्चयावत बायका पदराला तांदळाची गाठ मारून हिंडतात. विचारलं तर 'पुरं होईस्तोवर गाठ सोडायची न्हाई' एवढंच सांगतात.

वाचून मीसुद्धा खुर्चीत जरा सरसावून बसलो. दिवस लढाईचे होते. साधी सभा भरवायची तर सरकारची इजाजत लागायची. भजनी मंडळावरसुद्धा नजर असायची. अशात शे-दोनशे बायका एकच खूण पदराला बांधून फिरतात आणि 'पुरं होईस्तोवर' म्हणतात, हे कागदावर शपथेसारखं दिसत होतं. मास्तरला तहसिलीनं मुअत्तल केलं होतं, म्हणजे निकाल लागेपर्यंत कामावरून दूर. निकाल विरुद्ध गेला असता तर नोकरी जाणार होती आणि त्याला जिल्हाही सोडावा लागणार होता.

"किताब में क्या है?" साहेबांनी विचारलं.

मी चोपडं उलटसुलट पाहिलं. मुखपृष्ठावर एक गोठा आणि एक म्हैस. "कहाणी आहे साहेब. जुनी कहाणी, नव्या तऱ्हेनं सांगितलेली." हे मी उर्दूतच म्हणालो, इथे तुमच्यासाठी मराठीत.

"राजा है उसमें?"

"आहे."

"तो फिर?" साहेबांनी भुवया वर केल्या. राजा म्हटला की त्या काळात सगळ्यांना एकच राजा आठवायचा.

"घरगुती राजा आहे साहेब. दोन बायकांचा."

साहेब हसले. पण कागद त्यांनी परत घेतला नाही. "देखो, तर्जुमा करो, गाँव जाओ, और पढ़नेवालों की राय लाओ. अफ़वा नक्को. राय होना."

एका कहाणीवर वाचकांचं मत गोळा करायला सरकारी खर्चानं पाठवलेला माणूस निजामाच्या राज्यात दुसरा झाला असेल असं मला वाटत नाही.

कहाणी तुम्हाला माहीत असेलच. राजाला दोन राण्या, एक आवडती, एक नावडती. नावडतीच्या वाट्याला गोठा, उष्टं अन्न आणि जाडंभरडं लुगडं. ती मनोभावे व्रत करते, देव पावतो, राजाचे डोळे उघडतात, आणि तो तिला हाताला धरून महालात नेतो. श्रावणातल्या सोमवारी बायका ही ऐकतात. माझी आई ऐकायची.

केशव मास्तरनं सुरुवात तशीच ठेवली होती. गोठ्यात आल्यावर मात्र त्याची नावडती रडत बसत नाही. गोठा झाडते, सारवते, एक भाकड म्हणून टाकून दिलेली म्हैस सांभाळते. म्हैस गाभण राहते, विते, दूध येतं. नावडती ताक करते, लोणी काढते, चार बाया तिच्याकडे यायला लागतात. मग एक दिवस राजा येतो. "चल, मी तुला न्यायला आलो." ती त्याला बसायला घोंगडी टाकते, ताक देते आणि म्हणते, "दिवस मावळायच्या आत परत जा, वाटेत ओढा आहे." मग ती धार काढायला उठते. एवढंच. पुढचं पान कोरं.

मी तर्जुम्याला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. 'नावडती'ला उर्दूत काय म्हणायचं? नापसंद म्हटलं तर वस्तू वाटते. ठुकराई हुई म्हटलं तर कुणी लाथ मारल्यासारखं वाटतं. आपल्या नावडतीला कुणी लाथ मारत नाही, तिच्याकडे कुणी बघतच नाही. शेवटी मी शब्द तसाच ठेवला आणि समासात खुलासा लिहिला.

पण मला खरी खाज होती ती तांदळाची. कहाणी ऐकताना हातात अक्षता धरायच्या आणि कहाणी संपली की देवाला वाहायच्या, एवढं मला आईमुळे ठाऊक होतं. अक्षता बांधून घरी नेताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. मग बोरीच्या बायकांनी वाहिल्या का नाहीत? तर्जुमा साहेबांसाठी होता, पण बोरीला मी निघालो तो थोडा स्वतःसाठीसुद्धा निघालो.

काळ्या रानातून दमणीनं जाताना बैलांचे आणि आमचेही हाल झाले. पाटलाच्या दारात उतरलो तेव्हा माझ्या धोतरावर अर्धं जिंतूर होतं. बळीराम पाटील भारदस्त गडी. माणूस वाईट नव्हता, पण हुद्द्यानं थोडा फुगलेला. त्यानं मला ओसरीवर बसवलं. आतून एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिशी-पस्तिशीची असेल. तांब्या ठेवताना पदर पुढे आला आणि मला गाठ दिसली, लहानशी, बोराएवढी.

"बघितलं का सायेब?" पाटील ती आत जायच्या आधीच म्हणाला. "ही माझी भन, मथुरा. घरातच चालू हाय तिथं गावाला काय बोलावं! बायकोच्या पदराला बी हायच."

मग त्यानं न विचारताच सगळं सांगितलं. मथुरेच्या नवऱ्यानं दुसरी केली होती, तेव्हापासून ती भावाकडे. आता दुसरी आजारी पडली, घरात राबायला कुणी नाही, म्हणून नवऱ्याचा निरोप आला होता, पाठवून द्या.

"पोळा झाला की पोचवतो," पाटील म्हणाला. "जावई आपनहून बोलावायलाय. आनखी काय पायजे? पर हिनं ती कहानी ऐकल्यापासून तोंडाला कुलूप लावलंय. व्हय म्हनंना अन् न्हाई बी म्हनंना. म्हून मी लिवलं सरकारात. त्या चोपड्यानं बाया बिघडायल्यात."

जेवण झाल्यावर मी हात धुवायला परसात गेलो. मथुराबाई पाणी घालायला आली. पाणी घालता घालता तिनं खालच्या मानेनं विचारलं, "सायेब, सरकारला त्या रानीबद्दल काय वाटतं?"

"सरकारनं अजून ठरवलं नाही," मी म्हणालो.

"मंग आमच्यावानीच हाय सरकार," ती म्हणाली आणि तांब्या घेऊन गेली.

दुपारी चावडीत मी बयानं घ्यायला बसलो. बयान म्हणजे जबाब. चोपडं गावात बरंच फिरलं होतं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना कुणी वाचून दाखवलं होतं. मी प्रत्येकाला एकच विचारत होतो: गोष्ट कशी वाटली, राजा कोण वाटला?

पटवारी म्हणाला, "राजा कोणी का असेना, गोठा कुणाच्या नावावर आहे ते गोष्टीत नाही. राणीनं तिथंच राहायचं ठरवलं तर मी नोंद कुणाची करू?"

एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "म्हशीचं लय चांगलं लिवलंय. पर भाकड म्हस अशी गाभन ऱ्हात न्हाई सायेब. काय चारलं ते सांगाया पायजे हुतं मास्तरनं."

वाण्याला ताक फुकट दिल्याचं खटकलं होतं. एकाला वाटलं राजा भला माणूस, स्वतः चालत आला. दुसऱ्याला वाटलं राजा बावळट, ताक पिऊन परत गेला. दोघांची माझ्यासमोरच जुंपली. मी लिहून घेत होतो आणि मनात हसत होतो. ज्या राजाच्या शोधात मला पाठवलं होतं तो एकाच्याही जबाबात सापडेना. ज्यानं त्यानं आपापलं घरच तेवढं वाचलं होतं.

चावडीच्या मागच्या बाजूला केशव मास्तर एकटाच बसला होता. कोवळा, हडकुळा, अंगात धुतलेला सदरा. मी बाहेर आल्यावर तो उठला.

"लोक काय म्हणाले?" त्यानं विचारलं. नोकरीचं नाही विचारलं, गोष्टीचं विचारलं. लेखक लोकांची जात सगळीकडे सारखीच!

"म्हशीला काय चारलं ते विचारतायत," मी म्हणालो. त्याचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं. "मास्तर, तुमची गोष्ट मला आवडली. पण तांदळाचं कोडं सुटलं नाही तर तुमची धडगत नाही. गाठी कशाच्या आहेत?"

"मला खरंच माहीत नाही हो. त्या सोमवारी सरूकाकूंचा घसा बसला होता. दरवर्षी कहाणी त्याच सांगतात. मी म्हटलं, मी वाचतो. वाचली. बायका गप्प. कुणी उठेना. मग मीच उठून घरी गेलो."

"आणि शेवटी काय म्हणालात?"

"काही नाही. गोष्ट संपली होती."

मला धागा सापडल्यासारखं झालं. मी तडक देवळाकडे निघालो.

सरूकाकू देवळाच्या ओट्यावर वाती वळत बसल्या होत्या. साठी उलटलेल्या, घसा अजून खरखरीत. मी कचेरीतला आहे म्हटल्यावर त्यांनी वाती बाजूला ठेवल्या नाहीत, पण मला बसायला जागा केली.

"काकू, गाठीत काय आहे?"

"अक्षता हायेत. दुसरं काय असनार?"

"वाहिल्या का नाहीत?"

"कहानी पुरी झाली न्हाई तर वाहाव्या कशा? अक्षता हातात घेतल्या की कहानी पुरी झाल्याबिगर खाली ठेवायच्या न्हाईत. टाकाव्या तर पाप, रांधाव्या तर त्याहून पाप. मास्तरनं वाचलं, वाचलं, अन् रानी धार काढाया उठली. आमी आपल्या अक्षता मुठीत धरून बसलो, आता म्हनंल, मंग म्हनंल. तर ह्यो बाबा चोपडं मिटून चालला की घरी! मंग मीच म्हनलं, बांधा गं पदराला. पुरी होईस्तोवर सोडू नगा."

"पाटलाला सांगितलं का नाही?"

"पाटलानं इचारलं कुनाला? बायकोला येकदा इचारलं, निम्मं ऐकलं अन् सरकारात लिवून मोकळा. मागच्या सोमवारची जुनी कहानी बी तशीच ऱ्हायली. येक उघडी असताना दुसरी सांगावी कशी?"

साप म्हणून भुई धोपटणं ते हेच. मला एवढा आनंद झाला की मी काकूंना जवळजवळ नमस्कारच केला. काम सोपं होतं. मास्तरनं येऊन 'सुफळ संपूर्ण' हे शेवटचं वाक्य म्हणायचं, बायकांनी अक्षता वाहायच्या, पाटलानं पंच म्हणून सही करायची की गाठी सुटल्या, आणि मिसल बंद. मिसल म्हणजे फाइल. संध्याकाळच्या आत परत निघू असा माझा हिशेब होता.

मास्तर आधी कुरकुरला. "नव्या गोष्टीला जुनं शेपूट कशाला?" मी म्हणालो, "शेपूट लावा आणि नोकरी वाचवा." मग तो निमूट आला.

दिवे लागायच्या बऱ्याच आधी देऊळ बायकांनी भरलं. पाटील पायरीशी उभा राहिला, पंच म्हणून. मी खांबाला टेकून दौत-टाक मांडून बसलो. मास्तरनं शेवटचं पान पुन्हा वाचलं: घोंगडी, ताक, ओढा, धार. मग घसा साफ करून म्हणाला, "सुफळ संपूर्ण."

एकही हात हलला नाही.

"मास्तर, मधलं खाल्लं तुमी," सरूकाकू म्हणाल्या. "मागनं कुठंय?"

मागणं म्हणजे ते शेवटून दुसरं वाक्य. जसं तिला झालं तसं तुम्हा-आम्हाला होवो. प्रत्येक कहाणीत ते असतं. त्याच्यासाठीच तर अक्षता हातात असतात.

"बरं," मास्तर म्हणाला, "जसं तिला झालं तसं तुम्हा-आम्हाला—"

"थांबा थांबा!" तीन-चार बायका एकदमच ओरडल्या.

"अवो, तसं आमाला होवो म्हंजे काय? नवऱ्याकडं जायाचं न्हाई, असं मागायचं का देवापाशी?"

"माझा तर घरातच हाय, काय बी वंगाळ न्हाई त्याच्यात. मी कशाला मागू?"

"म्हशीपुरतं मागू की मंग!"

"मागनं तोडून मागता येत न्हाई गं," सरूकाकूंनी दटावलं. "घेतलं तर सगळं घ्या."

तेव्हा कुठे मला कळलं की काम सोपं नव्हतं. जुन्या कहाणीतलं मागणं कुणालाही मागता येतं, कारण त्यात सगळं गोड होतं. नव्या कहाणीतलं मागायला माणूसच सापडेना. मास्तरच्या कपाळावर घाम आला होता. त्याला समोर जिंतूरची तहसील दिसत असणार. त्यानं चोपडं उलटलं आणि पडेल आवाजात म्हणाला, "असं करू, शेवट बदलू. राणी राजाबरोबर महालात गेली. झालं?"

मला वाटलं, आता सुटलो. पण बायका आणखीनच उसळल्या.

"आता कशाला न्हेता तिला? चांगली ऱ्हायली हुती!"

"म्हशीचं काय करायचं मंग?"

"अन् त्या चार बाया ताकाला यायच्या, त्यांनी कुठं जायाचं?"

"राजानं येक डाव तरी इचारलं का, कशी ऱ्हायलीस म्हून?"

मास्तर तोंड उघडं टाकून ऐकत होता. मीही टाक खाली ठेवला. दुपारपासून जी राय गोळा करत फिरत होतो ती इथे फुकट सांडत होती. गंमत बघा, बायकांना राणीनं परत जायला नको होतं आणि स्वतःसाठी तसं मागायलाही नको होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

गलका चालू असताना मागच्या बाजूला कुणीतरी उभं राहिलं. मथुराबाई.

"मी म्हंते," ती म्हणाली.

पायरीवर पाटलानं एक पाय वर टाकला आणि तिथेच थांबला.

"मथुरे," सरूकाकू हळू आवाजात म्हणाल्या, "समजून म्हन."

"समजूनच म्हंते काकू. लय दीस समजायलेय." ती पुढे आली. पदराची गाठ तिला लवकर सुटेना. शेवटी दातानं सोडली. तांदूळ तळहातावर घेतले आणि पिंडीकडे तोंड करून, प्रत्येकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तिला झालं तसं मला होवो."

तुम्हा-आम्हाला नाही. मला.

तिनं अक्षता वाहिल्या. पाटलाच्या तोंडून "मथुरे—" एवढं बाहेर पडलं, तेवढ्यात सरूकाकूंनी बसलेल्या घशानं, देऊळ दणाणेल असं म्हटलं, "सुफळ संपूर्ण!"

हे एकदा म्हटलं गेलं की परत घेता येत नाही. म्हाताऱ्या बाईनं घाई का केली ते मला तेव्हा समजलं, आणि माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगतो, सरकारी कामात तसा तो एरवी येत नाही.

दुसरी गाठ सुटली ती पाटलाच्या बायकोची. ती नवऱ्याकडे न बघता आली, अक्षता वाहिल्या आणि नणंदेच्या शेजारी जाऊन बसली. मग सगळ्याच उठल्या. तांदूळ पिंडीवर पडताना बारीक आवाज होत राहिला.

पाटील माझ्याजवळ आला. आवाज खाली गेला होता. "सायेब, हे... हे धरायचं का?"

"पाटील, तुम्ही सरकारात काय लिहिलं होतं? गाठी सोडत नाहीत. आता सुटल्या का?"

"सुटल्या."

"मग करा सही."

त्यानं सही केली. मोडीत, आडवी-तिडवी. मग देवळाबाहेर आल्यावर म्हणाला, "करायला गेलो गनपती अन् झाला मारुती. गावासमोर, देवापुढं मागून बसली. आता धाडली तर लोक माझ्या तोंडात शेन घालतील."

"मग नका धाडू," मी म्हणालो.

तो मला घराच्या ओसरीपर्यंत घेऊन आला. मग म्हणाला, "भाकरी खाऊन जावा सायेब." आत चुलीपाशी दोघी नणंदा-भावजया कशावर तरी हसत होत्या. त्या घरात मी सकाळपासून ऐकलेलं ते पहिलं हसू होतं.

परभणीला येऊन मी रिपोर्ट लिहिला. चावडीतले सगळे जबाब घातले, म्हशीच्या वैरणीसकट. तांदळाचा खुलासा केला. शेवटी लिहिलं की कहाणी संपल्यावर दुआ म्हटली गेली, गाठी सुटल्या, राजाबद्दल कुणाचीही तक्रार नाही.

साहेबांनी सगळं वाचलं. एका ठिकाणी बोट ठेवलं. "ये दुआ कौनसी?"

मथुराबाईचं वाक्य मी मुद्दामच घातलं नव्हतं. कागदावर गेलं असतं तर उद्या कुणीतरी तेही वेड्यावाकड्या अर्थानं वाचलं असतं. पण साहेबांनी विचारलं म्हणून तोंडी सांगितलं, आणि कुणी म्हटलं तेही सांगितलं.

साहेबांनी रिपोर्ट मिटला. मग म्हणाले, "ये लिखना नक्को. अच्छा किया." आणि मिसलीवर शेरा मारला: आक्षेपार्ह काही नाही, मास्तरला कामावर घ्यावं. मास्तरला एक तंबी मात्र मिळाली. इजाजतीशिवाय देवळात नवी गोष्ट वाचायची नाही.

मी उठलो तेव्हा साहेबांनी हाक मारली. "मुन्शीजी, तर्जुमा घर ले जा रहा हूँ. बेगमसाहिबा सुनना चाहते."

दोन-चार दिवसांनी ते कचेरीत आले आणि खुर्चीवर बसण्याआधीच मला म्हणाले, "घर में पूछ रहे, वो भैंस को खिलाई क्या थी?"

मास्तरशी माझी ओळख पुढे टिकली. पोलीस अ‍ॅक्शननंतर तो परभणीला बदलून आला तेव्हा भेट व्हायची. एकदा मी बोरीची चौकशी केली. मथुराबाई भावाच्याच घरी होती. पाटलानं तिला परसात एक म्हैस बांधून दिली होती, भाकड नव्हे, चांगली दुभती. आणि सोमवारी आता दोन कहाण्या होतात म्हणे. आधी जुनी, सगळ्यांसाठी. मग सरूकाकू दुसरी सांगतात आणि सुरू करण्याआधी विचारतात, ज्यांना अक्षता पायजेत त्यांनी हात पुढं करा.

"किती जणी करतात?" मी विचारलं.

"फार नाही," मास्तर म्हणाला. "पण दरवर्षी कुणीतरी असतेच."

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी पुष्कळ तर्जुमे केले. मजकूर काय म्हणतो ते मी आधीही नीट बघायचो. बोरीनंतर आणखी एक सवय लागली: तो ऐकणाऱ्यांच्या हातात काय आहे, तेही विचारून घ्यायचं.